मातीचा पोकलेन

खुर्च्या कमी पडल्यात असं दिसतंय. मागे उभ्या असलेल्या मंडळींनी पुढे सतरंजीवर यायला काहीच हरकत नाही.

आजचा विषय जाहीर झाला त्या दिवशी संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "सर, मोडकी शिल्पं आणि जेसीबी, हे तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात कसं बसवणार?" आम्ही त्यांना म्हटलं, मोडकी नव्हे, मोडू शकणारी. या दोन शब्दांत जो फरक आहे तोच आजचा विषय. आणि बाकीचं कळायला एकदा आमच्या घरी चहाला या, गॅलरीत बसू. (आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. वर्गात तीसेक वर्षं 'आम्ही' म्हणायची सवय लागली, ती आता सुटत नाही. 'आपण' म्हणू तेव्हा मात्र त्यात तुम्हीही आलात.)

झालं असं, की आमच्या शेजारची सोसायटी पुनर्विकासाला गेली. चारी बाजूंनी निळे पत्रे लागले, आणि एके दिवशी सकाळी सात वाजता एक पोकलेन आत शिरला. ज्या इमारतीच्या गच्चीवर आमच्या मुलांनी पतंग उडवले, ती एकोणीस दिवसांत राडारोडा होऊन ट्रकमधून निघून गेली. आम्ही रोज गॅलरीत बसून ते पाहायचो. वाईट वाटायचं, पण पाहणं थांबवता येत नव्हतं. तो लांब हात सावकाश वर जायचा, एखाद्या स्लॅबच्या कडेला हलकेच टेकायचा, क्षणभर थांबायचा, आणि मग सगळं खाली. त्या थांबण्यात विलक्षण नजाकत होती. ऑपरेटर पंचविशीचा असेल. दुपारी त्याच यंत्राच्या सावलीत बसून डबा खायचा.

या 'पोकलेन' शब्दावर थोडं थांबू. खोदणाऱ्या मोठ्या यंत्राला आपल्याकडे गावोगाव पोकलेन म्हणतात, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. डालडाचं झालं तसंच हे. पोकलेन ही मुळात एक फ्रेंच कंपनी, आणि तिच्या संस्थापकाचं नाव ज्यॉर्ज बाताय. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी इथे दचकतील. कारण विसाव्या शतकात फ्रान्समध्ये दुसराही एक ज्यॉर्ज बाताय होऊन गेला, १८९७ ते १९६२, विचारवंत आणि लेखक. दोघांचा संबंध फक्त नावापुरता. पण योगायोग कसा पाहा. एका बातायने माती उपसणारं यंत्र काढलं. दुसऱ्याने १९४९ साली एक ग्रंथ लिहिला, त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'शापित हिस्सा' असा होईल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कोणत्याही जिवंत व्यवस्थेला जगायला लागते त्याहून जास्त ऊर्जा मिळते. ही वरकड कुठेतरी खर्चावीच लागते. समाज ती उत्सवात, बळीत, ऐषआरामात, कलेत उधळतो. नाही उधळली तर ती युद्धात बाहेर पडते. उपयोगाचा हिशोब जिथे संपतो तिथे या बातायचा विचार सुरू होतो.

आता कल्पना करा, की पहिल्या बातायचं यंत्र दुसऱ्या बातायच्या हाती दिलं. मातीचा पोकलेन, दोऱ्याची क्रेन, लेसचा सिमेंट मिक्सर. काही उचलणार नाही, काही पाडणार नाही, आणि तयार करायला मात्र महिनोन् महिने. असा खर्च जगात खरंच चालू आहे, आणि त्यातल्या काही कलावंतांविषयी आज बोलायचं आहे.

त्याआधी आमच्या घरातला प्रयोग सांगतो. आमचं बालपण सांगली जिल्ह्यातलं. आषाढात बेंदूर यायचा. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत त्यांच्या घरी कुंभाराकडून मातीची बैलजोडी यायची, तिची पूजा व्हायची. देशावर इतरत्र पोळ्याला हेच करतात, विदर्भात तान्हा पोळ्याला मुलं लाकडी बैल ओढत नेतात. पुण्यात आल्यावरही आम्ही घरी शाडू भिजवून बैल करायचा रिवाज ठेवला. यंदा नातू बसला. आठ वर्षांचा आहे. म्हणाला, "आजोबा, बैल नको. पोकलेन करू या." सून हसली. आम्ही मात्र गंभीरपणे बसलो, कारण हरकत काय घ्यावी ते सुचेना. बैलाची पूजा आपण का करतो? तो जमीन उकरतो म्हणून. मग आज जमीन कोण उकरतं?

तर पोकलेन करायला घेतला. खालचे पट्टे झाले, केबिन झाली, छान झाली. हात काही होईना. लावला की वाकायचा. आत काडी घातली तेव्हा उभा राहिला. दोन दिवसांनी वाळताना जोडावर भेग गेली आणि बकेट खाली पडलं.

हे असं का व्हावं? मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. वाळताना ती आकसते, बारीक भाग आधी आकसतो, जाड भाग मागून, आणि जोडावर भांडण होतं. कुंभाराचा बैल कसा असतो आठवा. पाय आखूड नि जाड, मान खांद्यात रुतलेली, शिंगं जवळजवळ कानाएवढी. तो आकार मातीला विचारून ठरलेला आहे. पोकलेनचा आकार मातीला विचारून ठरलेला नाही. तो लांबवर अधांतरी गेलेला हात म्हणजे पोलाद आणि आत दाबाखाली कोंडलेलं तेल. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार दाब असतो. मोठ्या पोकलेनच्या हायड्रॉलिक नळ्यांत तो साडेतीनशेच्या आसपास जातो. तेव्हा त्या हाताचा आकार म्हणजे बळाचं दृश्य रूप आहे. बळ काढून घ्या आणि आकार तेवढा ठेवा, तर तो आकार स्वतःच्याच वजनाने हरतो.

नाजूक द्रव्यात यंत्र घडवणारा प्रत्येक शिल्पकार इथे येऊन अडतो, आणि इथे तो काय करतो त्यावरून त्याची परीक्षा होते, असं आमचं मत आहे.

पण परीक्षेला मापदंड हवा. कठीण वस्तू मऊ द्रव्यात करायची, ही युक्ती काही नवी नाही. मेरेट ओपेनहाइमने १९३६ साली कपबशीला केसाळ कातडं लावलं. क्लेस ओल्डेनबर्गने १९६० च्या दशकात लोंबणारी कापडी-प्लास्टिकची उपकरणं शिवली; त्याचं मऊ कमोड १९६६ चं. पहिल्यांदा पाहताना हसू येतं, गंमत वाटते. आपल्या काव्यशास्त्रात याला चमत्कृती म्हणतात. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याच्या तीन पायऱ्या केल्या. ज्यात सुचवलेला अर्थ, म्हणजे व्यंग्य, वाच्यार्थाला मागे टाकतो ते उत्तम. व्यंग्य आहे पण दुय्यम राहतं ते मध्यम. आणि ज्यात नुसती शब्दांची वा अर्थाची कलाकुसर ते चित्रकाव्य, तिसऱ्या पायरीचं. अकराव्या शतकातला हा काश्मिरी पंडित आम्हांला आधुनिक शिल्पाच्या दालनात फार उपयोगी पडतो. कलाकृतीसमोर उभं राहून स्वतःला विचारायचं, हसू ओसरल्यावर काही उरलं का?

बेल्जियमचा विम देल्व्वा घ्या. जन्म १९६५. १९९० च्या दशकात त्याने सिमेंट मिक्सर सागवानात कोरून घेतला, इंडोनेशियातल्या कारागिरांकडून, नखशिखांत युरोपीय बरोक वेलबुट्टी. पुढे लेझरने कापलेल्या पोलादी पत्र्यातून त्याने गॉथिक शैलीतली बांधकामाची यंत्रं उभी केली. डंपर, बुलडोझर, सिमेंटचा ट्रक, सगळं प्रत्यक्ष आकाराचं किंवा त्याच्या जवळपासचं, आणि सगळ्याला कॅथेड्रलच्या खिडकीसारखी जाळी. एखाद्या चर्चला चाकं फुटावीत तसं दिसतं. ब्रसेल्समध्ये त्याचा एक सिमेंट ट्रक रस्त्यालगतच उभा आहे.

आम्ही तो पाहिलाय. ऊन पत्र्याच्या जाळीतून पलीकडे पडलं होतं आणि फरशीवर ट्रकची नक्षीदार सावली झाली होती. सुंदर होतं, नाकारायचं कारण नाही. शिवाय त्यात एक खरा ऐतिहासिक धागा आहे. कॅथेड्रलंही बांधकामाच्या यंत्रांनीच उभी राहिली. कोलोनच्या कॅथेड्रलचं काम मध्ययुगात थांबलं तेव्हा अर्धवट मनोऱ्यावर एक लाकडी क्रेन तशीच राहिली. ती किती काळ? सुमारे चारशे वर्षं. १८६८ साली ती उतरवली आणि १८८० साली चर्च पुरं झालं. कोलोनच्या कित्येक पिढ्यांनी आपलं शहर असंच ओळखलं असणार, एक अपुरा मनोरा आणि त्याच्यावर एक न हलणारी क्रेन. कुणाचाही हेतू नसताना झालेलं ते शिल्प! देल्व्वाचं यंत्र पाहताना ही क्रेन आठवते, हे त्याचं श्रेय.

तरीही आम्ही त्याला मम्मटाच्या तिसऱ्या पायरीवरच ठेवतो. कारण सांगतो. हे यंत्र नाजूक दिसतं, नाजूक नाही. त्याचं पोलाद हवामानाला टिकणारं, ज्याचा गंजच त्याचं संरक्षण करतो अशा जातीचं. लेझर संगणकाने चालतो. हात चुकायची भीती नाही. पावसात उभं करा, पोरं चढू द्या, काही होत नाही. म्हणजे बळ तसंच शाबूत, वरून लेसची ओढणी. बिल्डरच्या कार्यालयात हे छान शोभेल. हा शेरा जरा कडू झाला, पण राहू दे.

याच्या शेजारी कॅनडाच्या कॅल लेनला ठेवा. ही बाई वेल्डिंग शिकलेली. फावडी, घमेली ओढायच्या ढकलगाड्या, पोलादी तुळया घ्यायच्या आणि हातातल्या ज्योतीने त्यांत आजीच्या रुमालासारखी लेस कापायची. ते फावडं दिसायलाही फावडंच. माती भरा, सगळी गळून जाते. देल्व्वाच्या ट्रकचं काम बंद पडलंय हे कळायला आपल्याला विचार करावा लागतो. हिच्या फावड्यात ते हाताला कळतं. तिने पुढे जाऊन लेसमधून माती चाळून जमिनीवर नुसत्या मातीची नक्षी केली, आपली रांगोळीच म्हणा. एक पाऊल पडलं की गेली. आम्हांला ही वाट जास्त खरी वाटते.

हातासरशी आपल्या मुंबईच्या जितीश कल्लाटचं नाव घेतो. त्याने २००८ साली पाण्याचा टँकर हाडांच्या सापळ्यासारखा घडवला, नाव 'ॲक्वासॉरस'. द्रव्य रेझिन, तेव्हा नाजूकपणाच्या कसोटीवर तो आज बाद. पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला त्या हाडांत जे दिसतं ते व्यंग्यच आहे. असो.

आता मार्गारिता काब्रेरा. जन्म १९७३, मेक्सिकोतल्या मोंतेरेईचा. काम अमेरिकेत, सीमेवरच्या एल पासोमध्ये. तिने २००७ साली जॉन डिअर कंपनीचा ७९० हा ट्रॅक्टर पूर्ण आकारात भाजलेल्या मातीत घडवला. कलाकृतीचं नाव 'जीवनवृक्ष'. मेक्सिकोत मेतेपेकसारख्या गावांतले कुंभार मातीचे जीवनवृक्ष करतात, फांद्याफांद्यांवर फुलं, पाखरं, माणसं. काब्रेराच्या ट्रॅक्टरवरही फुलं आणि फुलपाखरं बसलेली आहेत. ट्रॅक्टर हे शेतीचं यंत्र, बांधकामाचं नव्हे, हे आम्हांला मान्य. पण बेंदराच्या बैलांनंतर हे उदाहरण टाळणं आम्हांला शक्य नाही. पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या टोकाला एका बाईने नेमका आमच्या नातवाचाच विचार केला!

आणि ती कुठे अडली ते पाहा. संग्रहालयाच्या पाटीवर द्रव्यांची यादी असते. भाजलेली माती, मातीचा रंग, आणि पोलादी जोडसामान. म्हणजे तिलाही काडी घालावी लागली. आमच्या नातवाने लपवली, तिने पाटीवर लिहिली. यात कमीपणा नाही. उलट त्या यादीत आम्हांला सगळा इतिहास दिसतो. कुंभारकाम येणाऱ्या माणसाला आज उभं राहायला कारखान्याच्या पोलादाचा आधार लागतो. तिने याआधी विनाइल शिवून घरगुती उपकरणं आणि मोटारसुद्धा केली होती. त्यांच्या शिवणींचे दोरे लोंबते ठेवले, कापले नाहीत. सीमेलगतच्या जुळणी-कारखान्यांत मेक्सिकन हात जे जोडतात ते जोडणं त्यात उघडं पडतं. मातीच्या ट्रॅक्टरमध्ये तेच आहे, फक्त तिथे दोऱ्यांऐवजी फुलपाखरं आहेत. ट्रॅक्टर चालवणाऱ्या मजुराचा हात आणि माती मळणाऱ्या कुंभाराचा हात एकाच समाजाचा, कधी एकाच माणसाचा. मम्मटाच्या भाषेत इथे व्यंग्य वाच्याला मागे टाकतं.

एक आठवण इथे करून देतो. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून मांडतो, दसऱ्याला रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीला झेंडूच्या माळा घातलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. हायडेगर म्हणतो, हातोडी चालू असते तोवर ती दिसतच नाही. मोडली किंवा अडली म्हणजे तिचं 'असणं' पुढे येतं. १९२७ च्या त्याच्या ग्रंथातली ही प्रसिद्ध चर्चा. आम्ही वर्गात ती शिकवायचो आणि दर वेळी वाटायचं, की या जर्मन गृहस्थाला खंडेनवमी ठाऊक असती तर त्याने तिसरा पर्याय मांडला असता. अवजार न मोडताही दिसू शकतं, त्याला एक दिवस सुट्टी दिली की झालं. बैलाला बेंदराला जुंपत नाहीत. काब्रेराचा ट्रॅक्टर कायमचा त्या सुट्टीवर आहे.

मुख्य माणूस अजून यायचाच आहे. ताकाहिरो इवासाकी. जन्म १९७५, हिरोशिमा.

याची एक मालिका आहे, तिच्या नावाचा अर्थ 'अव्यवस्थेतून'. तो टॉवेल घेतो. आपण अंग पुसतो तसला. चादरी, कपडे घेतो. जमिनीवर कसेतरी टाकावेत तसे चुरगाळून टाकतो, घड्यांचे डोंगर होतात. मग त्याच कापडातून एकेक धागा ओढून काढतो, आणि त्या धाग्यांचेच विजेचे मनोरे, आकाशपाळणे, टॉवर क्रेन उभ्या करतो. बोटभर उंचीच्या. आडव्या तिडव्या कैच्या, टोकाची लोंबती दोरी, सगळं. पाहणारा आधी नुसता टॉवेलांचा ढीग पाहतो. मग वाकतो. मग त्याला पहिली क्रेन दिसते, आणि त्यानंतर सगळीकडे दिसायला लागतात.

आता न्यायशास्त्र शिकलेल्यांनी कान टवकारावेत. तंतू आणि पट हे आपल्या तार्किकांचं आवडतं उदाहरण. सांख्य म्हणतो, वस्त्र धाग्यांत आधीच होतं, फक्त प्रकट झालं. नैयायिक म्हणतो, छे, वस्त्र ही नवी वस्तू आहे, धाग्यांत ती समवायाने राहते. मग प्रतिपक्षी विचारतो, एक धागा ओढून काढला तर तेच वस्त्र राहिलं का? नैयायिकाचं धाडसी उत्तर असं, की पहिला पट नष्ट झाला आणि एक नवा, खंडपट, जन्माला आला. विद्यार्थी यावर हमखास हसायचे. एक धागा काढला तर टॉवेल मरतो होय, सर? आम्हीही त्यांच्याबरोबर हसलोय.

इवासाकीचा टॉवेल पाहिल्यापासून आम्ही हसत नाही. त्याने काढलेल्या प्रत्येक धाग्याने डोंगर थोडा विरतो आणि क्रेन थोडी उभी राहते. बांधकाम म्हणजे हेच तर असतं. खाणीतला दगड, नदीतली वाळू कुठून तरी उपसली जाते आणि दुसरीकडे मजले चढतात. आपल्याला मजले दिसतात, खंडपट दिसत नाही. इथे दोन्ही एका टॉवेलवर, एका नजरेत. यात उपदेश नाही, फलक नाही. धागा कुठून आला ते नुसतं दिसतं, कारण रंग तोच आहे. या गृहस्थाने दुसऱ्या एका कृतीला 'थीसियसचं जहाज' असं नाव दिलंय. ती आहे हिरोशिमाजवळच्या इत्सुकुशिमा मंदिराची लाकडी प्रतिकृती, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट. फळ्या बदलत गेलेलं जहाज तेच राहतं का, हा ग्रीकांचा प्रश्न. तेव्हा आम्ही उगाच न्यायशास्त्र चिकटवतोय असं समजू नका, माणूस त्याच वाटेवरचा आहे.

हिरोशिमात जन्मलेल्या माणसाच्या क्रेनकडे पाहताना ६ ऑगस्ट १९४५ आठवणारच. पण सगळं तिथे नेऊन टेकवणं आम्हांला सोपं वाटतं. एवढंच म्हणू, की ज्या शहरात सगळं जळून पुन्हा बांधलं गेलं, तिथे वाढलेल्या मुलाला क्रेन ही प्रगतीची खूण आणि उद्ध्वस्ततेची खूण अशी दोन वेगळी चित्रं दिसली नसावीत.

२०१७ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात जपानच्या दालनात त्याची कामं होती. ते दालन ताकामासा योशिझाका या वास्तुकाराने १९५६ साली खांबांवर उचलून बांधलेलं आहे. इवासाकीने त्याच्या जमिनीतल्या भोकाचा उपयोग केला. खालून जिना चढून प्रेक्षकाने त्या भोकातून डोकं वर काढायचं, की तो थेट कापडांच्या डोंगरात. नाकासमोर धाग्यांचे मनोरे. आणि वर दालनात उभ्या असलेल्यांना काय दिसतं? डोंगरातून उगवलेलं एक भलंमोठं मुंडकं.

या प्रसंगात त्या मुंडक्याचं काय होत असेल? ते श्वास रोखतं. शिंक आली तर अख्खं शहर जाईल. बळाचा सगळा हिशोब इथे उलटा झालाय. रस्त्यावर यंत्र मोठं, आपण मऊ. इथे यंत्र धाग्याचं, आणि पाडणारे आपण. त्या भोकात डोकं घालणारा प्रत्येक माणूस पोकलेन होतो. देल्व्वाच्या ट्रकसमोर आम्ही प्रेक्षक होतो, फोटो काढला, पुढे गेलो. इथे फोटो काढायला हात वर करणंही जबाबदारीचं काम आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. आम्ही व्हेनिसला गेलेलो नाही. इवासाकीची कामं आम्ही छायाचित्रांत आणि चित्रफितींत पाहिलीत, आणि नाजूकपणाच्या बाबतीत छायाचित्र हा खोटा साक्षीदार असतो. छायाचित्राला शिंक लागत नाही. तेव्हा वरच्या परिच्छेदात श्वास रोखला तो आम्ही घरी, खुर्चीत बसून. तुमच्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर आम्हांला दुरुस्त करावं.

आणि एक आक्षेपही आमचा आम्हीच घेतो. लहान केलं की काहीही गोड दिसतं. बाहुलीघरातला तुरुंगही गोड दिसेल. बोटभर क्रेन पाहून आपण विरघळतो ते नाजूकपणामुळे की केवळ गोंडसपणामुळे? हा आक्षेप पूर्ण परतवता येत नाही. म्हणूनच काब्रेराचा पूर्ण आकाराचा ट्रॅक्टर शेजारी हवा. तो गोंडस नाही, अंगावर येतो, आणि तरी फुटू शकतो. इवासाकीला वाचवतो तो टॉवेलाचा रंग, धाग्याचं मूळ दिसत राहणं. ते नसतं, दुकानातला वेगळा दोरा आणून क्रेन केल्या असत्या, तर आम्ही त्यालाही तिसऱ्या पायरीवर बसवलं असतं.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त, १९७४ चं पुस्तक, मराठीला एक गोष्ट शिकवली. कलेची संकल्पना दोन ध्रुवांची आहे. एका टोकाला अलौकिकतावाद, म्हणजे कला व्यवहारापासून तुटलेली, स्वतःपुरती. दुसऱ्या टोकाला लौकिकतावाद, म्हणजे कला जगण्याला बांधलेली. काम न करणारं यंत्र पहिल्या ध्रुवाला अगदी आयतं सापडतं. कांटची प्रयोजनाविना प्रयोजनवत्ता, हवं तर प्रत्येक नळीनिशी दाखवा. या विषयावरचं कौतुक बहुतेक वेळा तिथेच थांबतं, आणि आमचं भांडण तिथेच आहे. कारण पोकलेन हा काही केवळ आकार नाही. तो आत्ता, आपण बोलतोय तेव्हा, कुणाची तरी भिंत पाडतोय. नाजूक शिल्प पाहून "वा, किती हळुवार" म्हणणारे आपण कोण आहोत? बहुतेक वेळा नव्या इमारतीत जाणारे.

आम्हीही त्यातलेच. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर आम्ही सही केली आहे. पुढच्या वर्षी तो हात आमच्या गॅलरीच्या कडेला टेकेल. सही करताना आम्ही जास्तीच्या चौरस फुटांचा विचार केला, लिफ्टचा केला, गुडघ्यांचा केला. तळमजल्यावर चाळीस वर्षं इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच नकाशात नव्हतं, ते सही झाल्यावर लक्षात आलं. त्याच्यासाठी सोसायटीत बोललो, अजून बोलतोय. निकाल लागलेला नाही.

म्हणून आमची कसोटी अशी, आणि ती वैयक्तिक आहे हे लपवत नाही. देल्व्वाचं यंत्र सही केलेल्या माणसाला बरं वाटायला लावतं. काब्रेराचं यंत्र त्याला हात दाखवतं. इवासाकीचं त्याला हळू श्वास घ्यायला लावतं, आणि श्वास घेता घेता आपण कोणत्या बाजूला आहोत ते कळतं.

नातवाचा पोकलेन अजून फडताळात आहे. बकेट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारी ठेवलंय. त्याने परवा विचारलं, नव्या घरी नेताना हा कुठल्या खोक्यात भरायचा? सामान हलवणारे त्यावर काहीतरी ठेवतील ही त्याला भीती. आम्ही म्हटलं, मांडीवर घेऊन रिक्षाने नेऊ. तो म्हणाला, पण तुमचे हात कापतात, आजोबा.

चला, आम्ही ठरल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त घेतली. प्रश्न विचारा. माईक तिकडे डावीकडे आहे, त्या पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांकडे द्या आधी.